जोडून बोल

सडक्या द्राक्षांना आंबट वास येतो असं ज्याला वाटतं, त्यानं बाग सडलेली बघितलेली नाही. सुरुवातीला वास गोड असतो, इतका की रस्त्यावरचा माणूस थांबून विचारतो, कसली बाग आहे हो. मग त्यात आंब चढते, चिलटं येतात, आणि एका सकाळी बागेत पाय टाकला की पोटातलं घशाशी येतं.

फेब्रुवारीतला तो पाऊस कोणाच्याच हिशेबात नव्हता. रात्रभर पडला आणि सकाळी लख्ख ऊन. फुगलेल्या मण्यांना तेवढं पुरतं. लंकाबाईच्या बागेतल्या थॉमसन द्राक्षांचा एकेक घड उभा तडकला. व्यापारी आधी रोज फोन करत होता, तो पावसानंतर एकदाच आला. त्यानं गाडीतून उतरून पहिल्याच ओळीतल्या घडात बोट खुपसलं, बोट रुमालाला पुसलं आणि रुमाल तिथंच टाकून गेला. पुढं त्याचा फोन लागला नाही.

दिंडोरीच्या रस्त्याला सगळ्यांचंच तसं झालेलं. त्यामुळे दुसऱ्याच्या बागेत काढणीला जावं तर तेही काम नाही. अमोल, लंकाबाईचा मुलगा, हंगामात लोकांच्या बागांना ट्रॅक्टरवरून फवारणी करायचा. आता फवारायचं काय? एप्रिलात वेली बोडक्या करायची खरड छाटणी लागेपर्यंत घरातल्या तिन्ही माणसांना रिकामं बसायची पाळी होती. रिकामं म्हणजे सडके घड काढायचे, कारण ते वेलावर ठेवले तर पुढच्या सालाला रोग धरतो. बिनमजुरीचं काम आणि तेही असलं.

लंकाबाई आणि तिची सून वैष्णवी कात्र्या घेऊन मांडवाखाली वाकून चालायच्या. घड हातात आला की मणी आपोआप फुटायचे, रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचा, त्यावर चिलटं बसायची, आणि हात झटकावा तर कात्री चिकटलेली. वैष्णवी तोंडाला ओढणी बांधून काम करायची. तरी पहिल्या दिवशी ती बांधावर जाऊन ओकली. लंकाबाईनं तिला तांब्या दिला आणि म्हणाली, "आता कमी व्हईल. एकदा पडलं का मग सवय लागती."

वैष्णवी देवळाली कॅम्पची. बापाचं बाजारात टेलरचं दुकान, फौजी लोकांचे गणवेश शिवायचा. तिथल्या शाळेत एक बाई इंग्रजी शिकवायच्या. बाकी व्याकरणात वैष्णवी बेताचीच, पण दोन वाक्यं देऊन त्यांचं एक करा, हा प्रश्न आला की तिच्या अंगात यायचं. बाईंनी दोन दिली तर ही तीन जोडून दाखवायची. बी.ए. झाली तरी तिच्याकडे अभिमानानं सांगण्यासारखं तेवढंच होतं, आणि दिंडोरीच्या बागेत ते कोणाला सांगणार?

एक दिवस अमोल शेडमधले क्रेट ट्रॅक्टरवर चढवायला लागला.

"कुठं चालला?" लंकाबाईनं विचारलं.

"वायनरीवर. तडकलेला माल घेत्यात ते."

"दारूला चालतो व्हय आपला माल?"

"दारूला नाय." अमोल क्रेटकडे बघत म्हणाला. "तुडवायला."

तिला समजलं नाही. त्यालाही नीट सांगता येईना. म्हणून दुसऱ्या फेरीला ती ट्रॅक्टरवर बसून गेली.

वायनरीच्या मागं हिरवळ होती, तिच्यावर रंगीत छत्र्या, आणि छत्र्यांखाली मोठाले लाकडी टब. अमोलनं क्रेट टबात ओतले. वर ठेवलेले बरे घड, खालचे सडके, सगळे. मग नाशिक-मुंबईची माणसं बूट काढून, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून टबात उतरली आणि नाचायला लागली. गाणी लावलेली. एका बाईच्या टाचेला चिकटपट्टी होती, ती सुटून रसावर तरंगत होती. एक जाडा माणूस सिगारेट ओढत तुडवत होता, आणि राख कुठं पडते इकडे त्याचं लक्ष नव्हतं.

लंकाबाईनं अमोलला हळूच विचारलं, "याचीच दारू करत्यात?"

"नाय. हे वतून देत्यात मागच्या खड्ड्यात."

"मग कशापायी?"

"मजा म्हणून."

लंकाबाई बघत राहिली. तिच्या सासऱ्यानं या शिवारात द्राक्षाची पहिली काडी लावली तेव्हा पाण्याच्या घागरी डोक्यावरून आणून घातल्या होत्या. घड पायाला लागला तरी सासरा उचलून कपाळाला लावायचा. सडलेलं पीक गुरांना घालावं, खतात टाकावं, त्याला काही इलाज नाही. पण पैसे देऊन पायाखाली घ्यायचं आणि हसायचं, याची तिला शिसारी आली. ती टबांकडे पाठ करून क्रेटवर बसली.

तिथंच हर्षल भेटला. तो वायनरीचा मॅनेजर, नाशिकच्या गंगापूर रोडचा तरुण, पांढरा सदरा, बोलणं गोड. रविवारी गर्दी फार होते, पाहुण्यांचे चिकट पाय धुवायला पाणी ओतणारी बाई पाहिजे, असं तो अमोलला सांगत होता. बोलता बोलता वैष्णवीचं शिक्षण निघालं. हर्षल म्हणाला, "मग त्यांना पण आणा. गेस्टला माहिती सांगायला मुलगी पाहिजेच आहे. जमलं तर कायम करू. बारा महिन्यांची नोकरी."

बारा महिन्यांची, हा शब्द अमोलनं घरी येऊन पुन्हा पुन्हा उच्चारला. शेतकऱ्याच्या घरात बारा महिन्यांचं काही नसतं. पाऊस आला तरी पगार, नाही आला तरी पगार.

"पाय धुवायचे?" शेजारची तानुबाई ऐकून म्हणाली. "कोणाचे? जातीचे ना पातीचे. मी नाय बाई जायची."

"पानी वतायचं," लंकाबाई म्हणाली. "धुवायचे ज्याचे त्यानं."

पहिल्या रविवारी तसंच झालं. टबापाशी पाट मांडलेला, शेजारी तांब्याचा हंडा. माणसं टबातून उतरायची, पाटावर पाय ठेवायची, लंकाबाई तांब्यानं पाणी ओतायची, टॉवेल द्यायची. पायांना माणसाचं तोंड नसतं, म्हणून तिनं वर बघितलंच नाही. नखांत सालं अडकलेली, बोटांच्या बेचक्यात देठ, केसाळ नडग्यांवरून मातकट पाणी. दुपारपर्यंत टॉवेल संपले. तेवढ्यात एक म्हातारी बाई टबातून उतरली, लंकाबाईच्या आईच्या वयाची. तिचा पाय पाटावर घसरला. लंकाबाईनं तिला धरलं, खाली बसवलं. टॉवेल नव्हता. मग घरी विहीण आली, आत्या आली की करतात तसं तिनं म्हातारीचा पाय मांडीवर घेतला आणि आपल्या पदरानं पुसला. त्यात विचार करण्यासारखं तिला काही वाटलं नाही.

म्हातारीच्या मुलीनं मोबाइलवर ते टिपलं.

लंकाबाईची चूक म्हणायची तर एवढीच. आपल्या घरातली रीत तिनं तिथं नेली, आणि तिथं ती उघड्यावर ठेवलेल्या मालासारखी उचलली गेली.

आठवड्यात ती चित्रफीत कुठल्या कुठं गेली. तानुबाईच्या मोबाइलवरही आली. तिनं बांधावर उभं राहून ती मोठ्यानं वाजवली, मागं सनई लावलेली होती. "पानी वतायचं म्हणली हुतीस ना लंके?" ती म्हणाली. लंकाबाई कात्री चालवत राहिली. वैष्णवीनं मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले.

पुढच्या खेपेला हर्षलनं लंकाबाईला नवं हिरवं लुगडं दिलं. काठ रुंद, पदर लांब.

"आजी, आजपासून टॉवेल नाहीत," तो म्हणाला. "तुमचा पदरच. लोक त्याच्यासाठी फोन करून बुकिंग करतायत."

"आन् डोईवर?" लंकाबाईनं विचारलं. पदर पाय पुसायला घेतला तर डोक्यावर काय राहणार, असं तिला म्हणायचं होतं.

"डोक्यावर कशाला? तेवढं चालतंय की."

चालतंय, म्हणजे त्याला चालत होतं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून लंकाबाईचं डोकं परक्या पुरुषानं उघडं पाहिलं नव्हतं. पण पलीकडे वैष्णवी गळ्यात ओळखपत्राची फीत अडकवून उभी होती आणि हर्षल तिला काहीतरी समजावत होता. लंकाबाईनं पदर ओढून मांडीवर घेतला.

वैष्णवीची अडचण वेगळी होती. बोलायचं काय ते तिला पाठ होतं. पण समोर दहा माणसं उभी राहिली की तिचा श्वास आखूड व्हायचा आणि वाक्यं तुटायची. धिस इज अवर व्हिलेज. वी ग्रो ग्रेप्स. धिस इज लंकाबाई. शी इज माय मदर-इन-लॉ. शी वॉशेस युवर फीट. थांबून थांबून, पहिलीतलं पोर धडा वाचतं तसं. पाहुणे मोबाइलकडे बघायला लागायचे.

"वैष्णवी, जोडून बोल," हर्षल म्हणायचा. "तुकडे नकोत. एक वाक्य सुरू केलंस की गेस्टनं शेवटपर्यंत श्वास धरून ऐकलं पाहिजे. कळतंय? पुढच्या रविवारी मालकांचे, म्हणजे सरांचे पाहुणे येणार आहेत, फॉरेनचे पण आहेत. सर स्वतः ऐकणार. तिथं जमलं तर तुझी कायमची ऑर्डर निघाली समज. नाही जमलं तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल, आणि मग आजींचं पण..."

आठवडाभर बागेत तेच चाललं. सासू एका ओळीत, सून दुसऱ्या ओळीत. वैष्णवी घड कापायची, क्रेटमध्ये टाकायची आणि ओढणीआडून पुटपुटायची. द रेन केम. द ग्रेप्स क्रॅक्ड. मग दोन्ही एकत्र. पुन्हा. घशात चिलट गेलं की थुंकायची आणि पहिल्यापासून सुरू.

"काय म्हणती गं?" लंकाबाईनं पलीकडून विचारलं.

"दोन वाक्यं हायती आत्या. पाऊस आला, हे एक. द्राक्षं तडकली, हे दुसरं. ती जोडायची."

"कशी?"

"पाऊस आला तशी द्राक्षं तडकली. झालं एक."

"मग त्यात काय शिकायचं? आपन तसंच बोलतो की."

"आपल्याला येतं. त्यांच्यात जोडताना बघावं लागतं. एक मोठं ठेवायचं, दुसरं त्याच्या हाताखाली घालायचं. आन् जे नको ते गाळायचं."

"नको ते कोन ठरवतो?"

वैष्णवीनं कात्री थांबवली. शाळेतल्या बाईंनी हे कधी सांगितलं नव्हतं. "जो बोलतो तो," ती म्हणाली, पण तिलाच ते खरं वाटलं नाही.

घरी लंकाबाई हिरवं लुगडं रोज धुवायची. साबण लावायची, दगडावर आपटायची, तरी वास जात नव्हता. सुकला की पदर ताठ व्हायचा, त्यात तपकिरी डाग, आणि दोरीवर मुंग्यांची रांग लागलेली. एकदा ती जेवायला बसली आणि सवयीनं पदरानं तोंड पुसलं. लगेच उठली, मोरीत जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली. अमोलनं बघितलं.

"आई, सोड ते काम. मी सांगतो त्याला."

"आन् वैष्णवीचं?"

अमोल भाकरी कुस्करत बसला. बायकोनं नोकरी सोडावी असं त्याला वाटत नव्हतं, आईनं पाय पुसावे असंही वाटत नव्हतं, आणि ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता. अशी माणसं घरात फार शांत बसतात. त्याचा लंकाबाईला राग येत होता आणि कीवही.

शुक्रवारी हर्षलनं वैष्णवीला बोलावून पुन्हा ऐकलं. तिनं सगळी वाक्यं जोडली होती. गाव, बाग, ऊन, पाऊस, एका दमात. तो खूश झाला. शेवटी लंकाबाईचं आलं, तसा त्यानं हात वर केला.

"हे मदर-इन-लॉ काढ."

"का सर?"

"गेस्टला ऑकवर्ड होतं. सून इंग्रजी बोलतेय आणि सासू पाय पुसतेय, कसं दिसतं ते? तू असं म्हण, ही लंकाबाई, गावातली साधी बाई, जी पिढ्यान्‌पिढ्यांच्या परंपरेप्रमाणे तुमचे पाय पदरानं पुसते. मस्त एक वाक्य होतंय बघ."

"पिढ्यान्‌पिढ्या कुठं सर? हे तर आत्ता..."

"वैष्णवी, आपण इतिहासाचा तास घेतोय का?"

तो हसला. तीही थोडी हसली, आणि हसल्याचं तिला बाहेर आल्यावर इतकं घाण वाटलं की ती नळाखाली तोंड धुवत राहिली.

संध्याकाळी चुलीपाशी तिनं सासूला सगळं सांगितलं. लंकाबाई पीठ मळत होती.

"मग नको सांगू," ती म्हणाली. "नातं सांगितल्यानं का दोन भाकरी जास्त येत्यात?"

"तुम्हाला काय वाटत नाय आत्या?"

"वाटायचं काय? मी हाय तीच हाय." लंकाबाईनं गोळा उलटा करून परातीवर दाबला. "तू पुढं जा. एका घरातनं एक जरी त्या वासातनं बाहेर पडलं तरी लय झालं. मी काय, छाटणी लागली का मोकळी."

वैष्णवीला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. ती चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं करत राहिली.

रविवार उजाडला. ऊन सकाळपासून तापलेलं. टबांत अमोलनं आणलेला शेवटचा माल पडला. तो इतका उतरला होता की हर्षलनं त्यावर सुगंधी पाणी शिंपडायला लावलं. सड आणि गुलाबपाणी यांचा मिळून जो वास सुटला, त्याला नाव नाही. पाहुणे मात्र नाकानं श्वास घेत म्हणाले, वा, फर्मेंटेशन.

सर स्वतः आले होते, काळा चष्मा लावून छत्रीखाली बसले. परदेशातले दोन-तीन, मुंबईचे बाकीचे. ते टबात उतरले, नाचले, एकमेकांवर रस उडवला. मग एकेक जण पाटापाशी आला. पहिला बसला तो टकला, धिप्पाड माणूस. खुर्चीत मागं रेलून त्यानं दोन्ही पाय लंकाबाईच्या मांडीवर टाकले आणि फोनवर बोलायला लागला. त्याच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड, कडेला कुजलेलं होतं, त्यात द्राक्षाचं साल अडकलेलं. लंकाबाईनं पदर बोटाला गुंडाळला आणि ते काढायला लागली.

हर्षलनं मान हलवली. वैष्णवी पुढं झाली.

तिनं सुरुवात केली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. श्वास पुरत होता. एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्यात शिरत होतं, तिसरं येऊन मिळत होतं. या गावात, जिथं उन्हाळे कडक आहेत पण रात्री गार, जिथं लोक घरच्या माणसासारखी वेल जपतात... पाहुण्यांनी फोन खाली घेतले. सरांनी चष्मा काढला. शाळेत फळ्यापुढं उभं राहिल्यावर यायचं तेच सुख तिच्या अंगात आलं. अँड धिस इज लंकाबाई, ती म्हणाली, अ सिंपल वुमन ऑफ द व्हिलेज, हू...

इथं तिनं हात पुढं करून लंकाबाईकडे दाखवायचं होतं. म्हणून तिनं बघितलं.

लंकाबाईचं डोकं उघडं होतं. घामानं केस टाळूला चिकटले होते, मधली पांढरी जागा उन्हात दिसत होती. लग्नाला वर्षं झाली तरी वैष्णवीनं सासूची टाळू कधी अशी बघितली नव्हती, घरातसुद्धा नाही. आणि ती उघडी टाळू त्या टकल्या माणसाच्या पायाशी वाकली होती. त्यानं फोनवर हसता हसता पाय हलवला, तशी टाच लंकाबाईच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला लागली. लंकाबाईनं माळ एका हातानं बाजूला केली आणि पुसायचं काम चालू ठेवलं.

वैष्णवीला आतून ओकारी आली. बागेत आली होती तशीच. लांबलचक वाक्य तिच्या तोंडात तसंच राहिलं.

"शी इज माय मदर-इन-लॉ," ती म्हणाली.

जोडलेलं नव्हतं. एकटंच वाक्य होतं आणि ते मोठ्यानं आलं होतं. सगळे थांबले. टकल्या माणसानं फोन कानापासून काढला आणि पाय जरासा आखडून घेतला. हर्षलच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे सरांकडे गेले. सरांनी चष्मा पुन्हा लावला.

मुंबईची एक बाई पुढं वाकली. तिनं लंकाबाईला हिंदीत विचारलं, "ये सच में आपकी बहू है?"

लंकाबाईला तेवढी हिंदी समजत होती. तिनं वर बघितलं. आधी हर्षलकडे, मग छत्रीखालच्या माणसाकडे, शेवटी सुनेकडे. वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिनं मान हलवली, हो म्हणा, म्हणून. सांगा, आत्या. एकदा सांगा.

"नाय ओ बाई," लंकाबाई हसून म्हणाली. "माझी सून कुठली येवढी शिकलेली? ह्या मॅडम हायती हितल्या. माया लावत्यात मला, म्हनून म्हनत्यात."

आणि तिनं तो आखडलेला पाय ओढून पुन्हा मांडीवर घेतला.

हर्षलनं ते इंग्रजीत सांगितलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हाऊ स्वीट, मुंबईची बाई म्हणाली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. इथं आम्ही सगळे एक कुटुंबच आहोत, असं सर म्हणाले. टकल्या माणसानं लंकाबाईच्या हातात नोट ठेवली. तिचे हात ओले होते, नोट बोटांना चिकटली.

संध्याकाळी हर्षलनं वैष्णवीच्या हातात ऑर्डर दिली.

"मी घाबरलोच होतो," तो म्हणाला. "पण तू भारी केलंस. ते ठेव आता कायमचं. फक्त थेट मदर-इन-लॉ नको, लाईक अ मदर टू मी, असं म्हण. गेस्टला आवडतं. आणि त्याच वाक्यात जोडून घे."

"ती माझी सासूच हाय सर," वैष्णवी म्हणाली.

"माहितीय की," हर्षल म्हणाला. "मला माहितीय."

फाटकाबाहेर लंकाबाई थांबली नव्हती. वैष्णवीला ती पुढं रस्त्याच्या कडेनं चालताना दिसली, पिशवीत जुनं लुगडं, अंगावर हिरवं, त्याच्या पदरावर माश्या. वैष्णवी पळत गेली.

"आत्या, थांबा ना."

"मागून ये," लंकाबाई वळून न बघता म्हणाली. "त्यांच्या गाड्या जात्यात हितनं. कोनी बघितलं म्हंजी?"

"बघू द्या."

"गप. मिळालं ना? मागून ये."

गाड्या खरंच जात होत्या. त्यातल्या एकीतून कोणीतरी वैष्णवीला हात केला. तिनंही केला.

तेव्हापासून दोघी घरातून वेगवेगळ्या निघायला लागल्या. आधी लंकाबाई पायी, मग अमोलच्या गाडीवर वैष्णवी, गळ्यात फीत, केस नीट बांधलेले. फाटकात भेट झाली तर लंकाबाई "नमस्कार मॅडम" म्हणायची. पहिल्यांदा ती हे चेष्टेनं म्हणाली. नंतर चेष्टा निघून गेली आणि नमस्कार राहिला. बागेतला माल संपला तसा टबांत दुसऱ्यांच्या बागांतला सडका माल यायला लागला. वाक्य मात्र तेच होतं, सफाईदार, एका श्वासात, कुठं जोडलंय ते ओळखू येणार नाही असं. धिस इज लंकाबाई, हू इज लाईक अ मदर टू मी. वैष्णवी ते दिवसातून पाच-सहा वेळा म्हणायची, आणि आता म्हणताना तिला ओकारी येत नव्हती. लंकाबाईनं सांगितलंच होतं, सवय लागते.

खरड छाटणी लागली. लंकाबाईनं कात्रीला धार केली, पण रविवारी ती वायनरीवर जातच राहिली. आजी नसतील तर गेस्ट विचारतात, असं हर्षल म्हणाला होता.

अशाच एका रविवारी तिघं जेवायला बसली होती. दिवसभराच्या गर्दीनं वैष्णवीचा घसा बसलेला. अमोल मोबाइल बघत होता. लंकाबाई अंग धुऊन जुन्या लुगड्यात बसली होती, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. तिच्या ताटातली भाकरी संपत आली होती. वैष्णवीनं टोपलीतली भाकरी उचलली आणि वाकून, घसा साफ करून, दिवसभर बोलत होती त्याच आवाजात विचारलं,

"लंकाबाई, वाढू?"

अमोलनं मोबाइल खाली ठेवला. वैष्णवीचा हात भाकरीसकट हवेत राहिला. आपण काय बोललो ते तिच्या कानावर आत्ता पोचत होतं, आणि ते परत घ्यायला तिला शब्द सापडेना, इंग्रजीत ना मराठीत.

लंकाबाईनं ताट पुढं सरकवलं.

"वाढा, मॅडम," ती म्हणाली.